मणी फुटायला नको

फ्रान्समध्ये वाईनसाठी द्राक्षं तोडायला गेले, त्या पहिल्याच दिवशी मी दोनदा बोलणी खाल्ली. सकाळी आठला, फार हळू तोडते म्हणून. आणि साडेनऊला, बादली दाबली म्हणून.

पहिल्या वेळी सवय नडली. मी तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागेत वाढले. आमच्याकडे घड धरायचा तो देठाला. मण्यांवरची पांढुरकी झाक बोटानं पुसली गेली की व्यापारी लगेच नाक मुरडतो. म्हणून घड हलकेच फिरवून बघायचा, डागी मणी कात्रीच्या टोकानं काढायचे आणि क्रेटमध्ये कागदावर तो अलगद निजवायचा. इथेही मी तेच करत बसले होते. माझी अर्धी बादली होईपर्यंत शेजारच्या ओळीतला पोरगा टोकाला पोचून सिगारेट पेटवून उभा. मालकांचे वडील, वय ऐंशीच्या पुढचं, ओळीत येऊन माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाळा, हे दागिने नाहीत."

मग मी इरेला पेटले. भराभर तोडत सुटले. बादली शिगेला आली, पुढे अजून सात-आठ वेल होते, म्हणून तळव्यानं माल जरा खाली दाबला. आजोबांच्या कानाला तो चिरकलेला आवाज कसा गेला कोण जाणे. तीन ओळी पलीकडून ओरडले. फ्रेंच मला तोवर बऱ्यापैकी कळत होतं, पण त्या वाक्यातले निम्मे शब्द विद्यापीठात शिकवत नाहीत. अर्थ एवढाच होता: मणी फुटायला नको.

मला हे पटेना. वाईनला तर द्राक्षं चिरडायचीच असतात ना? मोठ्या टबात उतरून पायांनी तुडवणारी माणसं आपण सगळ्यांनीच चित्रात पाहिलेली आहेत. बाजारात मांडायचा माल जपून तोडावा हे समजतं. जो माल टाकीतच जायचा आहे, तो टाकीत फुटला काय आणि बादलीत फुटला काय? हे कोडं सुटायला मला सात दिवस लागले.

मी तिथे पोचले कशी, ते थोडक्यात सांगते. लिओं शहरात मी शिकत होते आणि सप्टेंबर 2024 मध्ये हातात पैसे नव्हते. फ्रान्समध्ये परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला 964 तास काम करता येतं. द्राक्षतोडणीच्या दिवसांत बोजोले भागात माणसांची नड असते, कारण तिथे तोडणी बहुतेक हातानंच चालते.  शांपेनमध्ये तर घड हातानंच तोडायचा असा नियम आहे. बाकी फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी वेलींवर यंत्रं फिरतात. तासाला त्या वेळचं किमान वेतन, कापाकापीआधीचे 11.65 युरो. लिओंहून गाडीनं बेलव्हिलला उतरायचं, तिथून मालकांची सून गाडी घेऊन यायची.

बाग फ्लरी गावाजवळ. बोजोलेत दहा गावांच्या-टेकड्यांच्या वाईनला स्वतःच्या नावानं विकायचा मान आहे, त्यात फ्लरी, मोर्गों, मूलँ-आ-व्हाँ ही मोठी नावं. कुटुंबाचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. नऊ हेक्टर, म्हणजे आपले बावीस एकर. आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि शेतीशाळेत द्राक्षाचाच अभ्यास करणारी नात. बारमाही गडी एक. तोडणीला आम्ही बावीस जण.

घरी मी सांगितलं होतं, "द्राक्षं तोडायला चाललेय." वाईन हा शब्द काढला नव्हता. माझे वडील, आण्णा, माळकरी आहेत. त्यांना काय ते कळलं असणारच, द्राक्षवाल्या माणसाला फ्रान्समध्ये द्राक्षाचं काय करतात हे ठाऊक नसेल असं कसं होईल? पण त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

आता कंबरेबद्दल. तासगावात द्राक्ष मांडवावर किंवा वाय आकाराच्या तारांवर असतं, माल डोक्याच्या वर लोंबतो. दिवसभर वर बघून मान मोडते. इथे वेलीला तारच नाही. गुडघ्याएवढं खोड, त्यातून चार-पाच फांद्या वर निघालेल्या, एखाद्या पेल्यासारख्या. या छाटणीचं फ्रेंच नावही पेल्यावरूनच पडलंय. हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेल, अगदी दाटीवाटीनं. घड जमिनीपासून वीतभर वर. म्हणजे आठ तास वाकून. तिसऱ्या दिवशी मी जिना उलटी उतरत होते, कारण सरळ उतरताना गुडघे ऐकत नव्हते. आजोबा म्हणाले, पाचव्या दिवशी दुखायचं थांबेल. नाही थांबलं. सहाव्या दिवशी मला त्याची सवय झाली, एवढंच.

जमीन बघून मात्र जीव हरखला. गुलाबी ग्रॅनाइट झिजून झालेला भुरभुरीत मुरूम! आपल्याकडेही द्राक्षाला मुरमाड रान चांगलं, पाणी साचत नाही. मूठभर माती घेऊन मी फोटो आण्णांना पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"ड्रीप कुठाय गं? नळ्या दिसंनात."

"ड्रीप नाही आण्णा. पाणी देतच नाहीत. पाऊस पडेल तेवढाच."

"आणि एकरी किती निघतं?"

मी हिशेब केला. नियमानं हेक्टरी साधारण 56 हेक्टोलिटर वाईन काढायची मुभा, म्हणजे एकरी तीन टनांच्या आसपास द्राक्षं. जास्त पिकवलं तर गावाचं नाव बाटलीवर लावता येत नाही.

"तीन टन?" आण्णा गप्पच झाले. "मग ती माणसं खात्यात काय?"

त्यांना छाटणीचंही सांगितलं. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. आपली थंडी वेलीला झोपवण्याइतकी कडक नाही, म्हणून कात्रीनंच तिला ऋतू शिकवावा लागतो. इथे हिवाळ्यात वेल आपोआप झोपतो, एकदाच छाटायचा. आण्णा म्हणाले, "मग सोपं हाय की." आजोबांना हे भाषांतर करून सांगितलं नाही.

2024 हे साल सोपं अजिबात नव्हतं. वसंतापासून पाऊस हटला नव्हता आणि डाऊनी मिल्ड्यूनं, आपण ज्याला केवडा म्हणतो त्यानं, फ्रान्सभर धुमाकूळ घातला होता. ओळीत शिरले आणि पहिल्याच वेलीच्या पानामागं तो पांढरा कापूस दिसला, तेव्हा परक्या गावात शेजारचं माणूस भेटावं तसं वाटलं. नको असलेलं, पण ओळखीचं. घडांत वाळून चामडं झालेले तपकिरी मणी होते, ते काढायचे होते. इथे मात्र माझी तासगावची कात्री कामी आली. दुसऱ्या दिवसापासून सर्वांत खराब तुकड्यावर सून मलाच पाठवू लागली. हा मान होता की शिक्षा, हे अजून ठरायचंय.

भरलेली बादली पाठीवर टोपली घेतलेल्या माणसाच्या टोपलीत रिकामी करायची. त्याला नुसतं 'वाहणारा' म्हणतात. तो ट्रॉलीपर्यंत जातो, शिडी चढतो आणि खांद्यावरून वाकून माल उथळ पेट्यांत ओततो. उथळ, कारण थर जाड झाला की खालचे मणी फुटतात. पुन्हा तेच. नऊ वाजता न्याहारी, ओळीतच: पाव, चीज, सॉसेज, चॉकलेट आणि नऊ वाजताच वाईन. मी शाकाहारी म्हटल्यावर माझ्या वाट्याला दुप्पट चीज आलं. याबाबत माझी तक्रार नाही.

सातव्या दिवशी कंबरेची दया येऊन म्हणा, किंवा टाकीघरातला एक माणूस पाय मुरगळून बसला म्हणून म्हणा, मला आत घेतलं.

टाकीघर म्हणजे जाड भिंतींची, अंधारी, ओली जागा. एका बाजूला सिमेंटच्या सहा टाक्या, एकेक 6000 लिटरची, आजोबांच्या वडिलांनी बांधलेल्या. देठ काढायचं यंत्र कुठे दिसलं नाही. चिरडायचं यंत्रही नाही. पट्ट्यावरून आख्खे घड, देठासकट, वरच्या तोंडातून आत सोडत होते. हळूच, एकावर एक. टाकी भरली की झाकण. एवढंच. मी विचारलं, "आता?" नात म्हणाली, "आता थांबायचं."

त्या रात्री तिनं मला समजावलं ते मी वहीत लिहून ठेवलं. टाकीत वरच्या वजनानं तळचे घड आपसूक फुटतात, त्यांचा रस साचतो. सालीवरचं यीस्ट त्या रसातली साखर खायला लागतं, दारू होते आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे टाकीतली हवा वर ढकलून सगळी जागा तोच व्यापतो. आता वरचे आख्खे मणी बिनहवेच्या जागेत अडकले. मणी तोडला तरी जिवंत असतो. श्वास कोंडल्यावर तो वेगळ्याच वाटेनं जगायला बघतो. बाहेरच्या यीस्टच्या मदतीशिवाय, स्वतःच्याच विकरांनी, तो स्वतःची साखर मोडायला लागतो. सालीच्या आत, मण्याच्या पोटात, दीड-दोन टक्के दारू तयार होते. मण्यातलं आंबट मॅलिक आम्ल कमी होतं, सालीचा रंग आत गरात उतरतो आणि केळं, चेरी, रासबेरी असले वास जन्माला येतात. मग मणी मरतो आणि मऊ पडतो.

फुटलेल्या मण्यात यातलं काही होत नाही. साल शाबूत असेल तरच. बादली दाबणाऱ्या मुलीवर म्हातारा तीन ओळी पलीकडून का ओरडला, ते मला तेव्हा उमगलं.

हसूही आलं. आमच्याकडे बेदाणा करताना याच्या नेमकं उलटं करतात. डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवायचे, म्हणजे सालीवरचं मेण चिरतं आणि आतलं पाणी लवकर उडतं. आमची सगळी हुशारी साल भेदण्यात. यांची ती राखण्यात.

ही रीत बोजोलेत शास्त्राआधीपासून चालत आलेली आहे. घड आख्खे टाकायचे, कारण तसंच टाकतात. मिशेल फ्लाँझी नावाच्या संशोधकानं 1934 च्या सुमाराला कार्बन डायऑक्साइडमध्ये आख्खी द्राक्षं ठेवून त्याचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि इथून जवळच राहणाऱ्या ज्यूल शोव्हे या वाईन-व्यापारी रसायनतज्ज्ञानं पुढे यीस्टवर काम केलं. शोव्हे 1989 मध्ये वारले. गंधक शक्य तितकं कमी आणि सालीवरचंच यीस्ट, ही आज ज्याला 'नैसर्गिक वाईन' म्हणतात तिची वाट त्यांच्यापासून सुरू झाली, असं नात म्हणते. आजोबांना ही नावं ठाऊक आहेत, पण त्यांचं मत वेगळं. "आम्हाला चिरडायचं यंत्र परवडत नव्हतं," असं ते म्हणाले.

यीस्टचा एक किस्सा. पहिल्या टाकीसाठी सुनेनं तोडणीच्या चार दिवस आधीच थोडी चांगली द्राक्षं आणून छोट्या पिंपात आंबवायला ठेवली होती. ते पिंप जोरात उसळायला लागलं तेव्हा त्यातला रस मोठ्या टाकीच्या तळाशी सोडला. त्याला त्यांच्यात 'टाकीचा पाय' म्हणतात. मी म्हटलं, हे तर विरजण! मग विरजण म्हणजे काय ते मला सांगावं लागलं. सुनेला ते इतकं आवडलं की पुढचे सगळे दिवस ती मुद्दाम 'विर्झान' म्हणायची.

आणि आता माझी मूर्खपणाची गोष्ट. टाकीघरातल्या चौथ्या दिवशी एका टाकीच्या झाकणातून कसा वास येतो ते बघायला मी वाकले. वास यायच्या आधीच नाकात मिरच्या झोंबल्यासारखं झालं, छाती आवळली, आणि कुणीतरी मागून शर्टाला धरून मला इतक्या जोरानं ओढलं की मी पाठीवर पडले. मुलगा, म्हणजे मालक. तो एरवी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही, नुसता पांढराफटक पडला होता. टाकीत वाकून, टाकीत उतरून दर काही वर्षांनी माणसं मरतात. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दोघंही जातात.

हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, हीच तर खरी लाज. आमच्या गावात जुन्या आडात उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून सोडतात. विझला तर उतरायचं नाही. लहानपणी मी तो कंदील विझताना पाहिलाय. आणि परदेशात जाऊन त्याच आडात डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी मालकानं टाकी उघडायच्या आधी पंखा लावला, कमरेला अडकवलेलं वायूमापक यंत्र आत धरलं आणि मग एक मेणबत्तीही. यंत्र असताना मेणबत्ती कशाला? "यंत्राची बॅटरी संपते," तो म्हणाला.

माझ्यासमोर भरलेल्या त्या पहिल्या टाकीच्या दहाव्या दिवशी ती उघडायची वेळ आली.

साध्या नवीन वाईनला चार-सहा दिवस पुरतात. फ्लरीसारख्या गावाच्या वाईनला आठ ते पंधरा दिवस ठेवतात. रोज सकाळी सून तळचा रस काचेच्या नळकांड्यात घेऊन त्यात तरंगती काचनळी सोडायची. साखरेचा रस पाण्याहून जड, नळी वर तरंगते. साखर संपून दारू होत गेली की नळी खाली बुडत जाते. आकडे खडूनं टाकीवरच लिहायचे. तापमान तिशीच्या वर गेलं की सगळ्यांचे चेहरे लांबायचे.

आधी तळची तोटी उघडून मोकळा रस काढून घेतला. मग खालचं लोखंडी दार. आत भिंतीसारखे घड उभे, तसेच्या तसे, देठासकट, जणू काल टाकलेत. पंखा दोन तास चालला, मेणबत्ती जळत राहिली, तेव्हा मालक काट्याचं फावडं घेऊन आत शिरला. नंतर मीही.

गरम, दमट आणि गोड. पावलाखाली घड मऊ पडत होते. मी एक मणी तोडून तोंडात टाकला. बाहेरून तो द्राक्षच. दाताखाली फुटला तर जिभेवर फसफसला, सोड्यासारखा. आतला गर लालभडक. गामे या इथल्या द्राक्षजातीचा गर मुळात पांढरा असतो, ओळीत तोडताना मी शंभरदा पाहिला होता. आणि चव द्राक्षाची नव्हतीच. थोडी पिकल्या केळ्याची, थोडी जांभळाची, घशाखाली उतरताना जराशी ऊब. प्रत्येक मणी म्हणजे एक छोटी टाकी होती. मी तिथे आत उभी राहून आठ-दहा मणी खाल्ले आणि मालक काहीच बोलला नाही. मला वाटतं, प्रत्येक नवा माणूस तिथे हेच करत असावा.

घड दाबयंत्रात गेले. जुनं, उभं, लाकडी पट्ट्यांचं. त्याला चरकासारखा हळूहळू जोर द्यायचा. गुलाबी, गढूळ, फेसाळ रस सुटला, आणि आजोबा, जे सकाळपासून कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते, ते उठले. त्यांनी पेला धरला आणि पहिला मला दिला.

या रसाला इथे 'पाराडी' म्हणतात, म्हणजे स्वर्ग. अर्धा आंबलेला, अर्धा अजून गोड. वेगळ्या पद्धतीच्या वाईनमध्ये दाबून काढलेला रस दुय्यम मानतात, तो तुरट आणि रांगडा असतो. इथे उलट. मण्याच्या पोटात जे घडलं, ते दाबल्यावरच बाहेर येतं. म्हणून दाबाचा रसच खरा. गावात शेजारी नेमके दाबाच्या वेळी 'सहज' चक्कर मारायला येतात, आमच्याकडे गुऱ्हाळावर काहिली उतरायच्या वेळी लोक जमतात तसे. मी वाईन पिणारी नाही. पाराडीचे मात्र मी दोन पेले प्यायले, आणि घरच्या फोनवर तेवढं सोडून बाकी सगळं सांगितलं.

पुढचं मी भराभर सांगते, कारण त्यात माणसाचं काम थोडं आणि वाट बघणं फार. दोन्ही रस एकत्र करून थंड टाकीत ठेवले, उरलेली साखर तिथे संपली. नंतर दुसरं आंबणं, ज्यात जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात, तेच जे आपल्या दह्यात असतं. सून लगेच म्हणाली, "विर्झान!" हिवाळाभर थोडी सिमेंटमध्ये, थोडी जुन्या मोठ्या लाकडी पिंपांत. नव्या लाकडाचा वास त्यांना चालत नाही, "फर्निचर प्यायचंय का?" असं आजोबा विचारतात.

त्या वर्षी ऊन कमी पडल्यामुळे रसात साखर कमी होती, आणि एका टाकीत त्यांनी बिटाची साखर घातली. हे मी चोरी पकडल्यासारखं बघितलं, पण कायद्यानं ठरलेल्या मर्यादेत ते चालतं, आणि त्याला नावसुद्धा आहे, नेपोलियनच्या काळातल्या शाप्ताल या रसायनतज्ज्ञ मंत्र्यावरून. लिटरला साधारण 17 ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का दारू. मालकाला ते करताना आवडत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. पोती रिकामी करून लगेच घडी घालून लपवल्यासारखी ठेवून दिली. सांगलीकर म्हणून माझं एक प्रामाणिक मत: बिटाऐवजी उसाची घातली असती तरी चाललं असतं.

आजोबांच्या गोष्टींतली एकच सांगते. शेजारच्या रोमानेश गावात बनुआ राक्ले नावाचा माणूस होता, एकोणिसाव्या शतकातला. त्या काळी एक अळी वेलींचा फडशा पाडायची. राक्लेच्या लक्षात आलं की घराच्या मोरीशेजारचा एक वेल मात्र दरवर्षी हिरवागार असतो. कारण घरातलं गरम सांडपाणी त्याच्या बुंध्यावर पडायचं. मग त्यानं हिवाळ्यात वेलींना उकळत्या पाण्यानं आंघोळ घालायची रीत काढली, सालीत लपलेली अळी मरून गेली. लोक आधी हसले, नंतर साऱ्या भागानं तेच केलं. आजही ऑक्टोबरच्या शेवटी तिथे त्याच्या नावानं उत्सव भरतो. मोरीशेजारचा वेल! आमच्या परसातला मोरीजवळचा आळू आणि केळ मला आठवली.

शेवटच्या दिवशी शेवटच्या ट्रॉलीला फांद्या आणि फुलं बांधली, गावातून भोंगा वाजवत फेरी मारली आणि रात्री जेवण. त्याला 'रव्होल' म्हणतात. आजोबांनी माझ्या हातात एक आखूड, वाकड्या पात्याचा कोयता ठेवला. कात्री यायच्या आधी यानंच तोडायचे. धार अजून आहे.

21 नोव्हेंबरला, महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी, त्यांनी मला पुन्हा बोलावलं. त्या दिवशी नवीन बोजोलेची बाटली विकायला मोकळीक मिळते. 1985 पासून तिसरा गुरुवार ठरून गेलाय. फ्लरीच्या नावाची वाईन अशी विकता येत नाही, पण यांचा एक तुकडा खालच्या अंगाला आहे, त्याची ही. दुपारच्या जेवणाला मी पोचले तर अंगणात टेबल मांडलेलं, शेजारीपाजारी, पेले भरलेले. आणि नेमका आण्णांचा व्हिडिओ कॉल. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. ते बागेतच होते, अवकाळी पाऊस झाला होता, चेहरा उतरलेला.

"ते लाल काय हाय गं पुढ्यात?"

आता टाळण्यात अर्थ नव्हता. "वाईन, आण्णा. मी तोडलेल्या द्राक्षांची."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मागं कुठेतरी टिटवी ओरडत होती. मग म्हणाले, "हं. ती म्हातारी माणसं कोण?"

मी फोन आजोबांकडे वळवला. दोघांनी एकमेकांना हात जोडले. एकाने मला बघून, दुसऱ्याने सवयीनं. मग आण्णांनी काही न बोलता एक पान तोडलं, उलटं केलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. पानामागं पांढरा कापूस.

"मिल्दियू!" आजोबा खुर्चीवरून अर्धे उठले.

"डाऊनी," आण्णा म्हणाले. "कालपर्यंत नव्हता."

पुढची वीस मिनिटं मी नुसती दुभाषी होते. हा रोग अमेरिकेतून आला हे दोघांनाही माहीत होतं, आणि त्यावरचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण फ्रान्समध्ये बोर्डोला 1885 मध्ये सापडलं हेही. आण्णा त्याला 'बोर्डो' म्हणतात, आजोबा 'बुयी'. फवारणी पानाच्या मागच्या अंगाला पोचली पाहिजे, यावर एकमत झालं. वेलाचं खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं खोड, कोणतं, हे आण्णांनी विचारलं. त्यांचं डॉगरीज, यांचं जुन्या तुकड्यात व्हियाला. दोन्ही खुंटांचं मूळ अमेरिकेत, हे ऐकून दोघंही हसले. रोगही तिकडचा, खालचं खोडही तिकडचं.

"त्यास्नी इचार," आण्णा म्हणाले, "वरसाला मोरचूद किती मारत्यात?"

आजोबांनी सरळ नियम सांगितला. सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो तांबं, त्यापेक्षा जास्त नाही. पावसाच्या वर्षी जास्त मारलं तर पुढं हात आखडायचा. युरोपीय संघाची मर्यादाच तेवढी आहे.

"एकराला किती हुतं गं ते?"

वर्षाला हेक्टरी 4 किलो, म्हणजे एकरी 1.6 किलो तांबं. मोरचुदात तांबं चौथा हिस्सा. मी टेबलावरच्या कागदी रुमालावर भागाकार मांडला. सव्वासहा-साडेसहा किलो मोरचूद, सबंध वर्षाला.

आण्णांनी आकडा दोनदा म्हणून बघितला. "एवढ्यात भागवत्यात?" आणि मग, "थांब, पेन आणतो," म्हणत फोन बांधावर ठेवला. पडद्यावर नुसतं आभाळ आणि मांडवाच्या तारा दिसत राहिल्या, आणि आजोबा त्या तारांकडे टक लावून बघत बसले.